लिंबाजीने घोडीला कुंपण घातलं

कुरणवाडीत लिंबाजी नावाचा एक भोळा घोडेवाला होता. भोळा म्हणजे किती? कुणी म्हणालं, "लिंबाजी, जरा थांब," की तो थांबायचा. म्हणणारा परत येऊन "चल आता" म्हणेपर्यंत थांबायचा. एकदा शिंप्याने त्याला असं थांबवलं आणि स्वतः सोयऱ्यांकडे बारशाला निघून गेला. लिंबाजीची बायको कौतिका हिने त्या दिवशी नवऱ्याचं जेवण शिंप्याच्या ओट्यावर नेऊन दिलं.

लिंबाजीकडे एक पांढरी घोडी होती. तिचं नाव बिजली. आसपासच्या गावांतल्या प्रत्येक नवरदेवाला तिच्याच पाठीवरून मांडवात जायचं असायचं. त्यावर लिंबाजीचं घर चालायचं. पण घर चालत नसतं, तरी लिंबाजीने तिला सोडलं नसतं. सकाळी उठल्यावर तो आधी बिजलीला विचारायचा, "झोप झाली का?" मग कौतिकाला विचारायचा.

त्या वर्षी बिजली गाभण होती. लग्नसराई संपलेली. काम नाही, पोटात शिंगरू वाढतंय, सारखी भूक. घरामागे लिंबाजीचं मोकळं रान होतं, तिथं गवतही होतं. पण रानाला लागून रंगराव सरपंचांचा मका होता. आणि रान नि मका यांच्या मधे काहीच नव्हतं.

एक दिवस सरपंच तणतणत आले. "लिंबाजी, घोडीला आवर!"

"आवरतो," लिंबाजी म्हणाला.

त्याने बिजलीला विहिरीवर नेलं. शिकेकाईने न्हाऊ घातलं. आयाळीला तेल लावलं, भांग पाडला, बारीक बारीक वेण्या घातल्या. कौतिकाच्या डबीतलं काजळ घातलं आणि कपाळाला टिकली लावली. मग लांब उभं राहून बघितलं आणि तो स्वतःशीच म्हणाला, "झालं बाई आवरून."

आवरून झाल्यावर माणूस बाहेर पडतो. बिजलीही बाहेर पडली. सरपंच मक्यात गेले, तर समोर वेण्या घातलेली, काजळ ल्यालेली घोडी कणीस खात उभी.

आता मात्र सरपंच पंचांनाच घेऊन आले. "पोळ्याच्या आत त्या रानाला कुंपण घाल. नाही घातलंस, तर घोडीची रवानगी तालुक्याच्या कोंडवाड्यात. गाभण आहे का बाळंतीण आहे, मी बघणार नाही."

कोंडवाडा म्हटल्यावर लिंबाजी रडायलाच बसला. तिथं मोकाट जनावरं कोंडायचे. चिखल, माश्या, आणि वैरण मिळाली तर मिळाली. तिथं बिजलीला झोप झाली का, म्हणून कोण विचारणार?

कौतिका म्हणाली, "अहो, रडत काय बसलात? रज्जाकचाचांकडे जा. त्यांना घोड्यांमधलं सगळं कळतं. कुंपण कसं हवं ते विचारा, आणि ते सांगतील तस्सं करा."

रज्जाकचाचा म्हणजे नालबंद. उभा जन्म घोड्यांच्या खुरांशी गेलेला. लिंबाजीने विचारल्यावर त्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"हे बघ बेटा, काटेरी तार लावू नकोस. स्वस्त पडते म्हणून लोक लावतात. घोडं बुजलं की तारेत घुसतं आणि पाय कापून घेतं. घोडीला टोचणार नाही असं कुंपण कर. आणि घरात काय आहे ते आधी बघ. उगीच खर्चात पडू नकोस. समजलं?"

"समजलं," लिंबाजी म्हणाला. त्याला खरंच समजलं होतं. घरातली वस्तू हवी, आणि टोचायला नको.

घरातल्या सगळ्या गोधड्या त्याने बाहेर काढल्या. चार काठ्या रोवल्या, त्यांना दोऱ्या बांधल्या आणि दोऱ्यांवर गोधड्या टाकल्या. जिथं गोधड्या संपल्या तिथं उशा लावल्या. गाल घासून बघितला. कुठंच टोचत नव्हतं.

बिजलीनेही गाल घासून बघितला. मग पाठ घासली. मग ती आरपार निघून गेली. तिच्या पाठीवर कौतिकाच्या आईने शिवलेली लग्नातली गोधडी होती.

"अहो, हे काय केलंत!" कौतिकाने कपाळावर हात मारला.

"टोचत नाही," लिंबाजी म्हणाला. "आणि खर्चही नाही."

तेवढ्यात पावसाची सर आली आणि कुंपण भिजून चिखलात बसलं. त्या रात्री घरातली माणसं पोत्यांवर झोपली.

सकाळी लिंबाजी पुन्हा चाचांकडे गेला. चाचा हसले नाहीत. त्यांच्या मिशा फक्त थोड्या हलल्या.

"अरे, भक्कम हवं! कुणी कितीही धक्का मारला तरी जागचं हलता कामा नये. समजलं?"

"समजलं."

आता धक्का मारूनही न हलणारी वस्तू शोधायची होती. लिंबाजी गावभर धक्के मारत निघाला. बैलगाडीला मारला, ती हलली. सोनाराच्या दाराला मारला, ते उघडलं. कोंबड्यांच्या खुराड्याला मारला, तर ते सांडलंच. असं करत तो पारावर पोचला. पारावर नेहमीची मंडळी पत्ते खेळत बसली होती. लिंबाजीने पहिल्याला धक्का मारला. तो हलला नाही. दुसऱ्याला मारला. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. तिसरा म्हणाला, "किती पण ढकल लिंबाजी. सकाळपासून बायको ढकलतेय. आम्ही इथून हलणारी माणसं नव्हे."

लिंबाजीला आनंदाने भरून आलं. अशी वस्तू गावातच होती!

"चहा देतो, चला," म्हटल्यावर मात्र ती हलली. लिंबाजीने त्यांना रानाच्या कडेकडेने ओळीत बसवलं. कौतिकाने चहा केला. नंतर भजी तळली. मग ओळीतल्या लोकांना लांबून पत्ते दिसेनात, म्हणून मंडळी सरकत सरकत एका कोपऱ्यात गोल करून बसली. बिजली दुसऱ्या कोपऱ्यातून चालत निघाली.

"अहो, घोडी चालली!" कौतिका ओरडली.

"जाऊ दे वहिनी," कुंपणातला एक जण म्हणाला, "आत्ताच पत्ते वाटलेत."

लिंबाजी चाचांकडे धावला. चाचांनी पंचा तोंडावर धरला. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी तोंड पुसलं.

"माणसं नव्हे रे बाबा. खांब! नीलगिरीचे सरळ खांब आण. सागाची चैन नको, नीलगिरी स्वस्त पडते. आणि खांब नीट जमिनीत गाड. गाडला नाही तर खांब हलणारच. समजलं?"

"समजलं."

लिंबाजी गाडीभर खांब घेऊन आला आणि कामाला लागला. घाम गाळत होता, खड्डे खणत होता, खांब गाडत होता. कौतिकाला बरं वाटलं. चला, मार्गी लागलं म्हणायचं. दुपारच्या भाकरीची शिदोरी घेऊन ती रानात आली. रान मोकळं होतं. जमीन मात्र सगळीकडे उकरल्यासारखी दिसत होती.

"कुंपण कुठंय?"

"तू त्याच्यावरच उभी आहेस," लिंबाजी म्हणाला. "आडवे घालून चांगले गाडलेत. धक्का मारून बघ. एक तरी हलतो का?"

कौतिका तिथंच मटकन बसली. बिजली त्या मऊ मातीवरून टापा उमटवत सरपंचांच्या मक्याकडे गेली.

आता लिंबाजी चाचांकडे गेला तेव्हा चाचा दारातच उभे होते. "काय केलंस?" त्यांनी विचारलं. लिंबाजीने सांगितलं. चाचांनी शेजारच्या भिंतीला हात टेकला.

"बेटा, कुंपण दिसलं पाहिजे. घोडं भरधाव पळतं. त्याला कुंपण लांबून दिसलं नाही, तर येऊन आदळतं आणि मान मोडून घेतं. लांबून दिसलं पाहिजे. त्याला पांढरा चुना दे. समजलं?"

"समजलं."

लिंबाजीने गाडलेले खांब उकरले आणि गाडी भरली. गावाच्या पलीकडे एक टेकडी होती. एवढी लांब, की तिच्यावर चरणाऱ्या शेळ्या मुंग्यांएवढ्या दिसायच्या. लिंबाजीने खांब टेकडीवर नेले, उभे रोवले आणि त्यांना झकास चुना दिला. मग तो धापा टाकत घरी आला, बिजलीला अंगणात आणून तिचं तोंड टेकडीकडे केलं.

"बिजले, दिसतंय का?"

बिजलीच्या नाकावर माशी बसली होती. तिने मान वर-खाली केली.

"दिसतंय म्हणतेय!" लिंबाजीने कौतिकाला हाक मारली.

कौतिका चुलीपाशी होती. ती रडत होती की धूर होता, हे सांगता येणार नाही. पण ती बाहेर आली, नवऱ्याच्या हातावरचे फोड बघितले, आणि तिचा आवाज खाली आला. "अहो, असं लांब नसतं हो कुंपण. जवळ असतं. घोडीच्या चारी बाजूंनी असतं. आणि तिच्या छातीएवढं उंच. एवढं सोपं आहे. घोडीला कुंपण घाला, बस."

लिंबाजीने तोंडात बोट घातलं. हे इतकं सोपं होतं? मग चाचांनी आधी का नाही सांगितलं?

त्याने चार जाड बांबू आणले. एक बिजलीच्या छातीपुढे, एक शेपटीमागे, एक डावीकडे, एक उजवीकडे. चारी टोकं काथ्याने आवळली. वरून दोन पट्टे घेतले आणि सगळं तिच्या पाठीवरून झुलीसारखं अडकवलं. जवळ होतं. चारी बाजूंनी होतं. छातीएवढं होतं. कौतिकाने म्हटलं होतं, अगदी तस्सं. घोडीला कुंपण घातलं.

त्या दिवशी गावचा बाजार होता.

बिजली शांत घोडी. वरातीत तिच्या कानाशी फटाके वाजले तरी ती बुजत नसे. ती शांतपणे बाजारात गेली आणि तिचं कुंपणही तिच्याबरोबर गेलं. वांग्यांच्या पाट्या कुंपणाने सरकवल्या. चिवड्याचा ढीग कुंपणाने सपाट केला. बांगड्यांची गाडी कुंपणाने थोडी पुढं नेली, आणि तिच्यामागे कासारीण ओरडत गेली. बिजलीला लोक वाट देऊ लागले. वाट मिळाली की ती नवरदेवाच्या थाटात चालायची, त्यामुळे ती एकही गल्ली न चुकता सगळ्या बाजारातून फिरली.

लिंबाजी मागून पळत होता आणि लोकांना धीर देत होता, "घाबरू नका! घोडी कुंपणात आहे!"

सरपंचांच्या अंगावर दह्याचं मडकं आलं. त्यांनी दाढी पुसत सांगितलं, "पोळा चार दिवसांवर आलाय. पोळ्याला मी पंच घेऊन येतो. कुंपण तपासतो. लायक नसलं, तर कोंडवाड्याची गाडी बरोबरच असेल."

त्याच रात्री बिजली व्याली. काळ्या पायांचं, ओलं, लटलटतं शिंगरू. लिंबाजी त्याच्यासमोर उकिडवा बसला. शिंगरू उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि लिंबाजीच्या गुडघ्यांना येऊन टेकलं. लिंबाजीने त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि तो कौतिकाला म्हणाला, "मला जमत नाही गं. कोणी काही सांगतं, मी तेच करतो, आणि तरी ते होत नाही. आता यालाही माझ्यामुळे तिकडं जावं लागणार."

पदर खोचून कौतिका चाचांकडे गेली आणि त्यांना हाताला धरूनच घेऊन आली.

चाचांनी रान बघितलं, घोडी बघितली, शिंगरू बघितलं. "आता सांगत नाही. आता मीच इथं उभा राहतो," ते म्हणाले.

खांब टेकडीवरून खाली आले. या वेळी उभे रोवले, आणि अर्धे वरती राहिले. साखर कारखान्याच्या भंगारातून रुंद रबरी पट्टे आणले. टोचत नाहीत, गंजत नाहीत, घोडं आदळलं तर थोडे दबतात आणि परत ढकलून देतात. घोडं उडी मारतं, म्हणून पुरुषभर उंच केलं. शिंगरू फटीतून निसटू नये म्हणून पट्टे खालपासून वरपर्यंत एकाला एक चिकटवून ठोकले. बाहेरून चुना दिला, आतून चुना दिला. चाचा सांगत होते, लिंबाजी करत होता, आणि काय नवल, होत होतं.

मधेच चाचा फक्त एकदा घरी गेले. जाताना म्हणाले, "फाटकाचे दोन खांब राहिलेत. त्यांच्या बुडाला डांबर फास. वाळवी लागत नाही. बुडाला डांबर फासलं की कुठलीही गोष्ट वर्षानुवर्षं टिकते. समजलं?"

"समजलं."

लिंबाजीने दोन्ही खांबांना डांबर फासलं. अगदी बरोबर फासलं. डांबर थोडं उरलं.

कौतिकाचे वडील आबा तेव्हा शिंगरू बघायला मुक्कामाला आले होते. जेवून ओसरीत बाजेवर पालथे झोपले होते, घोरत होते. कौतिका त्यांच्याकडे बघून म्हणाली, "थकले हो आता आबा. अजून वर्षानुवर्षं टिकले पाहिजेत बघा."

लिंबाजी सासऱ्यांना फार मानायचा. त्याने डांबराचा डबा उचलला.

आबा जागे झाले ते ओरडतच. कूस बदलली होती, त्यामुळे बाजही त्यांच्याबरोबर उठली. ते बाजेसकट अंगणात आले, बाजेसकट विहिरीपर्यंत गेले, आणि कौतिकाने गोडेतेलाची बरणी रिकामी केली तेव्हा कुठं त्यांची आणि बाजेची फारकत झाली. धोतर मात्र बाजेकडेच राहिलं.

"जावईबापू," आबा नवं धोतर नेसून दुरूनच म्हणाले, "माझ्या टिकण्याची काळजी तुम्ही करू नका."

पोळ्याचा दिवस उजाडला. कुंपण उन्हात चकाकत होतं. चाचांनी सकाळीच येऊन फाटक टांगलं, बाहेरून अडसर बसवला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली लिंबाजीच्या करगोट्याला बांधली.

"आता शेवटचं ऐक," चाचा म्हणाले. "घोडी मोकाट फिरलेली आहे. एकदा आत कोंडली की पहिल्यांदा तमाशा करेल. धडका मारेल, लाथा झाडेल, ओरडेल, तुझ्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणेल. तुझा जीव तिच्यावर, तू विरघळशील. विरघळायचं नाही! फाटक उघडायचं नाही. वरून चार पेंढ्या वैरण टाकायची, गोड बोलायचं, आणि संध्याकाळपर्यंत कानाडोळा करायचा. आपोआप शांत होते. समजलं?"

"समजलं," लिंबाजी म्हणाला. आणि मनाशी घोकू लागला. विरघळायचं नाही. वैरण टाकायची. गोड बोलायचं.

सरपंच आले. मागे पंच, त्यांच्या मागे पारावरची मंडळी, आणि रस्त्यावर कोंडवाड्याची गाडी. बिजली आणि शिंगरू अंगणात खुंट्याला बांधलेली होती, शिंगांऐवजी कानांना झेंडूच्या माळा लावलेली.

"आधी आम्ही आत जाऊन बघतो," सरपंच म्हणाले. "घोडी काय सांगणार, कुंपण कसं आहे ते?"

लिंबाजीने कुलूप काढलं आणि सगळे आत गेले. चाचा दाखवायला गेले. आबा पडताळायला गेले. कौतिका चहाची किटली घेऊन गेली. सरपंचांनी पट्ट्यावर मूठ मारली, खांबाला खांदा लावला, खाली वाकून फट शोधली. पारावरच्या मंडळींनी तर ओळीने पाठ लावून रेटलं. काही हलेना.

सरपंच हात झटकत म्हणाले, "मानलं. असं कुंपण पंचक्रोशीत नाही. ती गाडी पाठवून द्या परत. घोडी राहू दे इथंच."

बाहेर लिंबाजीने ते ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. गाडी रिकामीच परत गेली. आता काही चुकायला नको होतं. त्याने आत बघितलं. आत पुष्कळ होते. त्याने फाटक ओढून घेतलं, अडसर घातला आणि कुलूप लावलं. मग अंगणात जाऊन बिजलीला आणि शिंगराला खुंट्यावरून सोडलं, कारण सणाच्या दिवशी त्यांना बांधून ठेवणं त्याच्या जिवाला बरं वाटेना.

थोड्या वेळाने आतून फाटकावर थाप पडली. "लिंबाजी, उघड रे, झालं आमचं."

लिंबाजीने ओठ घट्ट मिटले.

थापेची धडक झाली. धडकेच्या लाथा झाल्या. पारावरचा एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर चढला, ओल्या चुन्यावरून घसरला आणि पांढरा होऊन खाली आला. आबा ओरडले. कौतिका ओरडली. "अहो, मी आहे हो! उघडा ना!" लिंबाजीचं काळीज पिळवटलं, पण तो विरघळला नाही. चाचांनी निक्षून सांगितलं होतं. आता तर खुद्द चाचाच फाटकाला तोंड लावून ओरडत होते, "अरे गाढवा, ते घोडीचं सांगितलं होतं!" आणि ओरडणाऱ्याकडे कानाडोळा करायचा, हेही चाचांनीच सांगितलं होतं.

त्याने चार पेंढ्या उचलल्या आणि कुंपणावरून आत टाकल्या. एक सरपंचांच्या फेट्यावर पडली.

"खा सरपंच, खा," तो गोड आवाजात म्हणाला. "कोवळी आहे. संध्याकाळपर्यंत शांत व्हाल."

सरपंचांनी पंचांना ओणवं केलं आणि त्यांच्या पाठीवर उभे राहून कुंपणावरून डोकं बाहेर काढलं. समोर त्यांचा मका होता. मक्याच्या मधोमध पांढरी पाठ दिसत होती, आणि तिच्यामागे काळ्या पायांचं काहीतरी पहिल्यांदाच उड्या मारत होतं.

"लिंब्या!" सरपंचांचा आवाज चिरकला. "तुझी घोडी माझ्या मक्यात शिरलीय!"

लिंबाजीने वळून मक्याकडे बघितलं. मग त्याने कुंपणावर प्रेमाने हात फिरवला.

"शिरू द्या सरपंच, तुम्ही बिलकूल घाबरू नका," तो म्हणाला. "तिने कितीही जोर केला तरी ती काही तुमच्यापर्यंत पोचत नाही. कुंपण तुम्ही स्वतः तपासलंय."